अत्तर लागलंच नाही

बाळ महांतेशकडे जायला तयार नव्हतं. कालपर्यंत बापाच्या नुसत्या चपला वाजल्या तरी झेपावणारं पोर आज त्यानं हात पुढे केले की आईच्या खांद्यात तोंड खुपसत होतं. रोहिणीनं आधी त्याचं कपाळ चाचपलं, मग जीभ बघितली, मग दोन्ही कान. ताप नव्हता. शेवटी तिनं नवऱ्याजवळ जाऊन वास घेतला आणि दुखणं कुठं आहे ते तिला कळलं.

"काय लावलंय तुमी हे?"

"सी-ब्रेव्ह," महांतेश छाती पुढे काढून म्हणाला. "समुद्राचा वास हाय. पुरुषांसाठी."

"त्याला घरातला पुरुष ओळखू येईना त्यामुळं."

परळीत वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महांतेशच्या वडलांचं, गुरुपादअप्पांचं, अत्तर, उदबत्ती आणि भस्माचं दुकान होतं. घरातले सगळेच जण हिन्याचा आणि भस्माचा वास घेऊन हिंडत, आणि बाळानं आपली माणसं त्या वासानंच पाठ केली होती. पण त्या वर्षी गल्लीत केबल आली. केबलवर एक उघडाबंब माणूस खडकावरून निळ्या समुद्रात उडी मारायचा, वर आला की एक बाई त्याच्या मानेजवळ नाक न्यायची आणि तिचे डोळे आपोआप मिटायचे. महांतेशनं ती जाहिरात इतक्या वेळा बघितली, की अत्तराचे दिवस संपले अशी त्याची खात्रीच झाली. औरंगाबादहून आलेल्या सेल्समनकडून त्यानं निळ्या बाटल्यांचा अख्खा खोका उतरवून घेतला. एकही बाटली न उघडता.

"वासाचा माल," गुरुपादअप्पा येईल त्याला सांगत, "आमच्या चिरंजीवानं वास न घेता आणला."

वास वाईट होता असं नाही. वाईट असता तर निदान लक्षात तरी राहिला असता. पहिल्या क्षणी गार वाटायचं, आता मागून काहीतरी येणार असं वाटायचं, आणि मग काहीच यायचं नाही. खरबुजाची साल, चिरलेली काकडी आणि थोडी नवी प्लास्टिकची बादली, एवढंच नाकात उरायचं. थर्मलच्या वीज केंद्रातले इंजिनिअर तरी घेतील म्हणावं, तर त्यातल्या एकानं हुंगून बाटली परत ठेवली आणि मोगरा घेऊन गेला. एका म्हाताऱ्यानं, हे पोटात घ्यायचं का पाठीला चोळायचं, असं विचारलं.

महांतेश हटला नाही. परळीला समुद्र कळत नाही त्याला आपण काय करणार, असं त्याचं म्हणणं. तुम्ही तरी कुठं बघितलाय, असं रोहिणीनं विचारल्यावर त्यानं टीव्हीकडे बोट दाखवलं. माल खपत नाही म्हटल्यावर तो हट्टानं स्वतःच रोज अंगावर मारायला लागला. अप्पा एकदा हसले की एक फवारा जास्त. बाळ आता त्याला लांबूनच बघून रडायचं.

यातच शिवकन्येच्या साखरपुड्याचा दिवस उगवला.

शिवकन्या म्हणजे महांतेशची धाकटी बहीण, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. स्थळ दिंद्रुडचं होतं. मुलगा रवि शांत, शिकलेला आणि बापासमोर अजिबात न बोलणारा. बाप उत्तरेश्वरअप्पा, त्यांचं खत-बियाणांचं दुकान, आणि बोलायचं सगळं काम घरात त्यांच्याकडेच. मुलगी, मुलगा, देणंघेणं, सगळं दोन्हीकडून पसंत होतं. अडलं होतं ते तारखेवर. उत्तरेश्वरअप्पांना वैशाखातला पहिला मुहूर्त हवा होता, आणि त्याच आठवड्यात शिवकन्येची शेवटची परीक्षा होती. ज्येष्ठात करू म्हटलं तर त्यांच्या दुकानापुढे बियाण्याच्या रांगा.

"जेष्ठात मला मरायला सवड न्हाई," अंगणातल्या मांडवात लोडाला टेकून ते म्हणाले. "अन् परीक्षा कावून पायजे? पोत्यावरचं नाव वाचता येतंय न्हवं? बास की."

पाहुणे हसले. गुरुपादअप्पाही हसले, पण त्यांचा हात कोटाच्या खिशात जाऊन तिथल्या अत्तराच्या कुपीशी चाळा करायला लागला. व्याह्याशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दारामागे, पडद्याआड, शिवकन्येनं रोहिणीचं मनगट धरलं.

"वैनी, अत्तर लागायच्या आत कुणीतरी बोला. एकदा अत्तर लागलं की झालं."

तिला कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्यात पद्धतच होती. बोलणी संपली की मुलीच्या भावानं एकेका पाहुण्याच्या मनगटावर अत्तर लावायचं. अत्तर लागेपर्यंत मानपानापासून मांडवापर्यंत कशावरही घासाघीस चालायची. अत्तर लागलं की सगळ्यांची तोंडं बंद. त्यानंतर तारखेचा शब्द काढणारा माणूस गावभर नाव घालवून बसायचा.

रोहिणी सकाळपासून सगळ्यावर नजर ठेवून होती. सिलेंडर, बाळ, टाकीतलं पाणी. पाणी नगरपालिकेचं, दिवसाआड येणारं, आणि टाकीत होतं ते पंक्तीपुरतंच. आचाऱ्याला भात लवकर घालू नको म्हणून तिनं बजावलं होतं. परसदारी रोज दुपारी देवळाकडची एक गाय यायची, तिला सासूबाई, जगदेवीबाई, खरबुजाच्या साली घालायच्या. आज कामाच्या गडबडीत त्या विसरल्या होत्या, आणि गाय दाराला शिंग घासत उभी होती, हेही तिनं बघितलं होतं. फक्त नवऱ्याच्या सफारीचा खिसा फुगलाय, हे तिच्या नजरेतून सुटलं.

सासऱ्यांना आत बोलवा, असा निरोप तिनं सासूबाईंकरवी दोनदा धाडला. गुरुपादअप्पा उठू लागले की उत्तरेश्वरअप्पा त्यांचा गुडघा दाबून खाली बसवत. शेवटी ते म्हणाले, "बोलणं झालं. अत्तर येऊ द्या."

गुरुपादअप्पा खिशातली कुपी काढेपर्यंत महांतेश मांडवात उतरला होता. दिंद्रुडची एवढी माणसं, सगळी दुकानदार, सगळी एका ठिकाणी. असा मोका त्याला पुन्हा मिळणार नव्हता. त्यानं निळी बाटली काढली आणि उत्तरेश्वरअप्पांच्या मनगटावर, मग दंडावर, मग मानेजवळ, जाहिरातीत दाखवतात तिथं, फुस्स केलं. ते काही बोलायच्या आत तो पुढच्या पाहुण्यावर गेला होता. रांग संपेपर्यंत त्यानं रविलाही सोडलं नाही.

पडद्याआड शिवकन्या खाली बसली. मांडवात माणसं आपापली मनगटं हुंगत होती आणि एकमेकांकडे बघत होती.

"काकडी चिरली का कुणी?" एकानं विचारलं.

उत्तर परसदाराकडून आलं. ताटकळलेल्या गाईला तिच्या साली सापडल्या होत्या, आणि त्या मांडवात बसल्या होत्या. दार ढकलून ती आली ती सरळ उत्तरेश्वरअप्पांकडे. पहिल्यांदा तिनं मनगट चाटलं. देवळाची गाय, म्हणून त्यांनी भक्तिभावानं दुसऱ्या हातानं नमस्कार केला. मग तिनं दंड चाटला. मग मान चाटायला लागली तेव्हा ते उठून चालू लागले, आणि गाय त्यांच्यामागे. मांडवाला एक वळसा झाल्यावर तिला रवि सापडला.

गाईला सासूबाईंनी कसंबसं शिंगाला धरून बाहेर नेलं, तेवढ्यात उत्तरेश्वरअप्पांचे मेहुणे बंकटअण्णा उठले. ते पूर्वी मुंबईला गिरणीत होते. डोळे मिटून त्यांनी स्वतःचं मनगट पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "आता आठवलं. समुद्राकाठी अस्साच वास यायचा. मासळी वाळत घालत्यात न्हवं का, तिकडं."

पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेली, गळ्यात इष्टलिंग असलेली ती माणसं, आणि अंगावर मासळी. मासळीचा वास बंकटअण्णांखेरीज कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे हा नाहीच असं छातीठोक सांगणारंही कुणी नव्हतं. अंघोळ केल्याशिवाय पानावर बसणार नाही, असं एक जण म्हणाला, आणि मग सगळेच न्हाणीकडे निघाले. टाकीतल्या पाण्याचा आवाज ऐकत रोहिणी हिशेब करत होती. वरणाचं पाणी गेलं, भाताचं गेलं, हात धुवायचंही गेलं. वास मात्र गेला नाही. पाणी लागलं की तो उलट जागा होत होता. ओले दिंद्रुडकर मांडवात परत आले तेव्हा सगळा मांडव खरबुजाच्या वाफ्यासारखा झाला होता, आणि बाहेर गाय हंबरत होती.

"चांगली कंपनी हाय," महांतेश अजूनही सांगत होता. "वास टिकतो, बघा."

उत्तरेश्वरअप्पा टॉवेल गुंडाळून मधोमध उभे राहिले. "बंकट, तूच सांग बे. ह्याला अत्तर म्हणत्यात का?"

"न्हाई."

"फवारणी हाय ही. कापसावर करत्यात तसली. माझ्या दुकानात हाय ते औषध बी ह्याच्यापरीस बरं वासाला. आमाला अत्तर लागलंच न्हाई, काय समजलं का गुरुपादअप्पा? सगळ्या लोकांसमोर सांगतो. अत्तर लागलंच न्हाई."

पडद्याआड रोहिणीनं शिवकन्येकडे बघितलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला, बाळाला कडेवर घेतलं आणि बाहेर आली. त्या घरात सून व्याह्यासमोर चहा घेऊन येत असे. बोलायला म्हणून कधीच नाही. तिनं बाळाला आणखी घट्ट धरलं.

"अप्पा, अत्तर लागलंच न्हाई म्हणता?"

"म्हणतो की. हजारदा म्हणतो."

"मग बोलणं संपलं कसं?"

उत्तरेश्वरअप्पांनी टॉवेलची गाठ आवळली. पाहुण्यांतल्या दोघातिघांनी नकळत मान डोलावली. पद्धत होती ती, आणि त्यांच्याच घरच्यांनी वर्षानुवर्षं पाळलेली.

"शिवकन्या पेपर देणार हाय," रोहिणी म्हणाली. "सगळे. शेवटचा पेपर झाल्यावरची तारीख काढा."

उत्तरेश्वरअप्पा मुरलेले दुकानदार होते. आपण कुठं अडकलो हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं, आणि सुटायची वाटही दिसली. ते महांतेशकडे वळले. आवाजात एकदम साखर आली.

"बापू, माल तुझा. तूच सांग. एवढे दिवस लोकांना काय सांगून विकायलास? हे अत्तर हाय का न्हाई? तू हाय म्हन, मी मान्य करतो. दिंद्रुडला घेऊन बी जातो अख्खा खोका."

सगळे महांतेशकडे बघायला लागले. अख्खा खोका. बापाच्या टोमण्यांना, इंजिनिअरांना, त्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना एकदम उत्तर. त्याच्या हातात निळी बाटली होती. पडद्याच्या फटीतून शिवकन्येचा एक डोळा दिसत होता. लहानपणी ती अशीच पडद्याआडून बघायची, आणि तिचा मार तो अंगावर घ्यायचा.

"हे..." महांतेशनं बाटली एकदा हुंगली. "ह्याला काकडीचा वास येतो. अत्तर न्हाई हे."

ते बोलायला त्याला जेवढे कष्ट पडले तेवढे त्या खडकावरून उडी मारायलाही पडले नसते.

गुरुपादअप्पा उठले. खिशातून हिन्याची कुपी काढली आणि बूच अंगठ्यानं दाबून धरलं. व्याह्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा ते मान वर करून उभे होते.

"आधी तारीख," ते म्हणाले. "मंग अत्तर."

"जेष्ठात दुकान कोण बघंल?" उत्तरेश्वरअप्पांनी विचारलं.

"मी बघतो," रवि म्हणाला. साखरपुड्यात त्याचं हे पहिलंच वाक्य होतं, आणि ते ऐकून दाराशी आलेली गायसुद्धा थबकली. बंकटअण्णांनी, आता भूक लागलीय, काय ते उरका, असं मोठ्यानं म्हटलं. पाणी संपल्यामुळं पंक्तीला आता भात होणार नव्हता, नुसत्या पुऱ्या होत्या. ज्येष्ठातला मुहूर्त निघाला. मग कुपीचं बूच उघडलं, आणि ओल्या मनगटांवर एकेक थेंब हिना लागला. महांतेशच्या मनगटावर गुरुपादअप्पांनी स्वतः लावला. बाळानं दोन्ही हात पसरले आणि बापाकडे झेप घेतली.

खोका मात्र तसाच राहिला. सेल्समन फिरकलाच नाही. महांतेशनं बाटल्या फळीवरून काढल्या, पण फेकू दिल्या नाहीत. ज्याला समुद्राची पारख असंल तो येईल, असं तो अजूनही म्हणायचा, फक्त आता जरा हळू.

एक बाटली शिवकन्येनं मागून घेतली. लग्नघर म्हणजे बायकांची ये-जा. साड्या बघायला, बांगड्या भरायला, नुसतं बसायला. रोज सकाळी उठली की ती आपल्या खोलीच्या पडद्यावर सी-ब्रेव्हचे चार फवारे मारायची, कडी घालायची आणि पुस्तक उघडायची. परीक्षा संपेपर्यंत त्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. गाय तेवढी खिडकीतून मान आत घालायची. तिला शिवकन्येनं कधी हाकललं नाही.