मालकांना नापास करणारे सर

परीक्षा ऐन रंगात आली की औटी सर खुर्चीतून उठत, प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढत आणि काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसत. संगणकांचे सगळे पडदे एकदम काळे. मी महाविद्यालयात नवीन होते तेव्हा स्विच वर करायला धावले. सरांनी हाताच्या खुणेनेच मला थांबवले आणि विचारले, "मॅडम, आपल्याकडं वीज परीक्षकाला इचारून जाती का?"

जुन्नर तालुक्यात या प्रश्नाचे उत्तर द्यायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याने केलेले काम वेळोवेळी जतन केले असेल, तो वीज आल्यावर पुढे जाई. बाकीच्यांना सर पुन्हा पहिल्यापासून बसवत. कामावर असेच असते, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

सर मूळचे पठारावरच्या आणे गावचे. त्या पठारावर, ते म्हणत, पाणी आणि पदवी दोन्ही खालून वर चढवावी लागतात. दिवसा रेडिओदुरुस्तीच्या दुकानात काम करून ते शिकले. पुढे परदेशातल्या एका विद्यापीठात त्यांनी नोकरी करणाऱ्यांना नोकरी न सोडता पदवीपर्यंत नेणारे अभ्यासक्रम उभे केले, आणि मग, कोणीही बोलावलेले नसताना, परत आले. आमच्याकडे त्यांनी तसाच अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातले बहुतेक दिवस नोकरी, उरलेले दिवस वर्ग आणि वयाची अट नाही. वर्गात द्राक्षांच्या पॅकहाउसमधली मुले, एका पतसंस्थेचा शिपाई आणि राजुरीच्या दूध डेअरीत संगणक सांभाळणाऱ्या शकीलाबी एकाच बाकावर बसत.

फळ्यासमोर सरांची मराठी छापील असे. मनावर ताण आला की मात्र आण्याची बोली वर येई. मी मुळात भौतिकशास्त्राची. मला हे दाब मोजण्याचे यंत्रच वाटे.

त्यांचा सर्वांत उपद्रवी छंद म्हणजे विद्यार्थ्यांसोबत मालकांनाही गुण देणे. कामाची जागा हीसुद्धा शाळा आहे, तर शिक्षकाचा निकाल का लागू नये, हा त्यांचा युक्तिवाद. लोणीच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याने आमच्या विद्यार्थिनीला वर्षभर फक्त पावत्या टाइप करायला लावल्या होत्या. सरांनी त्याला नापास केले. तो जीप घेऊन थेट विभागात आला.

"सर, पोरगी पास आन् मी नापास? गावात त्वांड कुठं दाखवू?"

"फेरपरीक्षा आहे की, राव," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात तिला सर्व्हरला हात लावू द्या."

त्याने लावू दिला. दुसरा निकाल त्याने फ्रेम करून गोदामात टांगला आहे, असे ऐकते.

परंतु अशा अभ्यासक्रमाला मान्यता लागते, आणि आमची संपत आली होती. तपासणी समिती येणार होती. नियमांत एक कलम होते: पुढच्या मुदतीसाठी एका पूर्णवेळ शिक्षकाचे नाव द्यावे, अन्यथा नवे प्रवेश बंद. सर निवृत्त होणार होते. विभागात त्यांच्याखेरीज पूर्णवेळ मी एकटीच. आणि मला बेंगळूरूच्या एका संस्थेत संशोधनासाठी प्रवेश मिळाला होता, तोही सरांच्याच शिफारशीवर. बातमी सांगितली तेव्हा ते "उत्तम" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. समितीसमोर ते माझे नाव घेतील याची मला जवळजवळ खात्री होती. त्यांच्या जागी मी असते, तर मी तेच केले असते.

तपासणीच्या दिवशी वर्ग रिकामा होता. विद्यार्थ्यांना एक दिवस बोलावून घ्या, म्हणून मी आठवडाभर विनवत होते. सरांचे म्हणणे एकच: शिक्षण दाखवण्यासाठी काम बुडवायचे, म्हणजे आपणच आपल्याला नापास करायचे. समितीच्या अध्यक्षा, करड्या केसांच्या मितभाषी बाई, रिकाम्या बाकांकडे बघून म्हणाल्या, "विद्यार्थी कुठे आहेत?"

"कामावर."

"मग आम्ही पाहायचं काय?"

"काम," सर म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

आम्ही राजुरीच्या डेअरीत पोहोचलो तेव्हा संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. समितीतले एक सदस्य सरळ पुढे निघाले, तर एका शेतकऱ्याने किटली आडवी धरली. "पावणं, लाइन मागून हाय." सदस्य मुकाट्याने मागे जाऊन उभे राहिले.

शकीलाबींनी मला बाजूला घेतले. नव्या अर्जांत त्यांच्या सुनेचा अर्ज होता. "मॅडम, कोर्स चालू राहील ना? सुनेला मी शब्द देऊन बसलेय. रोज इचारती, अम्मी, माझं कधी." मी काहीतरी पुटपुटले.

अध्यक्षांनी शकीलाबींना प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि माझे लक्ष सरांकडे गेले. ते भिंतीकडे सरकत होते. मी डोळ्यांनी नको म्हटले. त्यांनी स्विच खाली ओढला.

अंधारलेल्या खोलीत शकीलाबी मान न वळवता म्हणाल्या, "सर, आज तरी ऱ्हाऊ द्यायचं व्हतं."

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "औटी सर आलं वाटतं," आणि हशा उसळला. मला हसू आले नाही. शकीलाबी बॅटरीवर चालणाऱ्या वजनकाट्यावर दूध मोजून आकडे कागदावर लिहीत गेल्या. सरांनी वीज परत दिल्यावर त्या नोंदी संगणकात भरताना दोन सख्ख्या भावांच्या दुधाची अदलाबदल झाली. धाकटा कडाडला, "माझी म्हस त्याच्या नावावर कशी चढली?" थोरला खूश होता. शकीलाबींनी चूक शोधली, कुठे झाली ते अध्यक्षांना न लाजता सांगितले आणि दुरुस्त केली. अध्यक्षा प्रथमच हसल्या.

मला वाटले, जिंकलो. पण आता पूर्णवेळ शिक्षकाचा प्रश्न येणार होता.

चहा घेता घेता तो आलाच. पुढे हे कोण सांभाळणार? सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी मनात भराभर मांडणी करत होते: बेंगळूरूला वर्षभराची सवलत मागता येईल, कदाचित दोन वर्षांची, कदाचित जागाच जाईल. 'हो' हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"कोण न्हाई," सर म्हणाले.

"या मॅडम आहेत ना?" अध्यक्षा म्हणाल्या.

"त्या शिकायला चालल्यात. लोकांना जन्मभर शिका म्हणायचं आन् शिकणारीलाच दारात आडवायचं, हे आमाला जमायचं न्हाई."

अध्यक्षांनी पेनला टोपण लावले. सध्याच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण पूर्ण होईल, त्यांनी सौम्यपणे सांगितले; नवे प्रवेश मात्र थांबतील. कॅन विसळणाऱ्या शकीलाबींचे हात थांबले. मग त्यांनी येऊन माझा रिकामा कप पुन्हा भरला. माझ्याकडे पाहिले नाही.

समिती गेल्यावर सर माझ्यासोबत रस्त्यावर बसची वाट पाहत थांबले. माझा संताप मी शक्य तितक्या मुद्देसूदपणे मांडला. निर्णय माझा होता. मला विचारायला हवे होते. इतक्या लोकांची दारे बंद करण्याआधी एकदा तरी.

"इचारलं असतं तर तुमी हो म्हणाल्या असत्या," सर म्हणाले. "म्हणून न्हाई इचारलं."

मी विचारले, शकीलाबींच्या सुनेचे काय? तिला ते स्वतः शिकवणार होते, रोज, इथेच, दूध आटोपल्यावर. पदवीचे पुढे बघू, म्हणाले. एवढ्या लांब रोज कशाला, असे मी म्हणताच ते ओशाळून हसले. घरी संध्याकाळी त्यांची वाट पाहणारे तसेही कोणी नव्हते.

बस आली. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि हात गजावरच ठेवला.

"तिथनं फोन करीत जा, मॅडम," ते म्हणाले. "काय अडलं नसलं तरी."