तीन रंगांचे ठिपके

शाळेच्या ग्रंथपाल बाईंना एकच व्यसन होतं, वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवण्याचं. घरी साखरेच्या डब्यावर 'साखर' होतंच, पण रिकाम्या डब्यावरही 'रिकामा' अशी चिठ्ठी होती. "मला तर एका जागी फार वेळ बसायची भीती वाटते," असं त्यांचा नवरा म्हणायचा. त्यामुळे पुस्तकवाले काका एकवीस नव्या कादंबऱ्यांचं खोकं घेऊन आले, तेव्हाच पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं.

कादंबऱ्या पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी होत्या. तुटलेली मैत्री, वर्गातली दादागिरी, घरातली ओढाताण. बाईंनी अशा पुस्तकांची आठ वर्षं वाट पाहिली होती, कारण त्यांच्या कपाटात राजे आणि बोलणारे कोल्हे सोडून कोणी राहत नव्हतं. काकांची अट सोपी होती. "महिनाभर ठेवा, बाई. मुलांनी नेली ती तुमची, उरली ती मी परत नेणार."

बाईंनी एकवीसही वाचून काढल्या आणि प्रत्येकीच्या कण्यावर रंगीत ठिपका चिकटवला. हिरवा म्हणजे मैत्री, लाल म्हणजे दादागिरी, पिवळा म्हणजे घरातल्या अडचणी. कपाटाच्या दारावर तसा तक्ताही लावला. दोन पावलं मागे सरून तो पाहताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पहिल्याच दिवशी सहावीतल्या एका मुलीने मुखपृष्ठावर मांजर आहे म्हणून पिवळ्या ठिपक्याचं पुस्तक नेलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तिची आई पुस्तकासकट हजर.

"पिवळा म्हणजे घरातल्या अडचणी ना? मग आमच्या घरात काय अडचण आहे, तेवढं सांगा."

"अहो, काही नाही. तिला मांजर आवडलं."

"आमच्याकडे मांजर नाहीये."

"पुस्तकात आहे."

"शेजारणीचा मुलगा याच शाळेत, तिने ठिपका ओळखला. म्हणते कशी, काही लागलं तर हाक मारा! बारा वर्षांत कधी धड बोलली नाही ती!"

नोंदवहीतून मुलीचं नाव खोडायला लावूनच आई गेली. म्हणजे मांजर पुन्हा 'न नेलेल्या' पुस्तकांत जमा.

मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत अर्थ पक्के झाले. पिवळं नेणाऱ्याच्या घरी भांडणं, हिरवं नेणाऱ्याला मित्र नाहीत. लालचं कोणाला नीट कळेना, की नेणारा मार खातो की मारतो. तो प्रश्न सातवीतल्या 'फौजदार'ने सोडवला. कोणी कुठल्या बाकावर बसायचं, हे ठरवणारी ही मुलगी. तिने सरळ लाल पुस्तक उचललं. खेळाच्या बाईंनी ते पाहिलं आणि तिला मुख्याध्यापिकांसमोर उभं केलं.

"मॅडम, हिने स्वतःहून कबुली दिलीय!"

मुख्याध्यापिकांना ही पद्धत इतकी आवडली, की त्यांनी नोटीसच काढली. कोणी कुठला रंग नेला, याची यादी दर आठवड्याला ऑफिसात पाठवावी. मग काय, मुलं कपाटासमोरून अंग चोरून जाऊ लागली. बाईंनी मुख्याध्यापिकांना विनवलं, तर "नोटीस मागे घ्यायला नवी नोटीस काढावी लागते," असं उत्तर आलं. ठिपके खरवडायला गेल्या, तर डिंक इमानदार निघाला, कव्हरच फाटायला लागलं. महिना संपायला एक दिवस उरला तरी वीस पुस्तकं जागची हलली नव्हती. बाईंना रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात फौजदार आली. तिने लाल पुस्तक टेबलावर ठेवलं.

"बाई, ठिपका चुकलाय."

"चुकलाय?"

"ती मारणारी मुलगी आहे ना, ती घरी जाते ते प्रकरण. तिचे आईबाबा एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळे निरोप हिच्याकडूनच. ते पिवळं झालं. आणि शेवट हिरवा आहे. तुम्ही नीट वाचलं नाही का?"

आठ वर्षांत बाईंना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांना एकदम भरून आलं. 'तुझ्या घरी कसं आहे गं?' हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं आणि ठिपक्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"तूच लाव."

तिने पिवळा लावला, हिरवा लावला, मग शेजारचं पुस्तक ओढलं. "यातही असणार." तास संपेपर्यंत एकवीस पुस्तकांवर तिन्ही ठिपके होते. त्यानंतर फौजदार दारात उभी राहिली. "एकेक घ्यायचं. रांगेत." नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. बाईंनीही त्या दिवशी दादागिरीकडे काणाडोळा केला. ऑफिसात यादी गेली, तीत प्रत्येकासमोर तिन्ही रंग होते. मुख्याध्यापिकांनी ती उलटी धरून पाहिली आणि फायलीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी काका रिकामं खोकं घेऊन आले. कपाटात एकच पुस्तक होतं, मांजराचं. ज्याला त्याला त्या आईची भीती. काकांनी ते खोक्यात टाकलं, तोच दारातून धापा टाकत तीच आई आली.

"थांबा! ते द्या इकडे."

"मुलीच्या नावावर लिहू?" बाईंनी नोंदवही उघडली.

"माझ्या लिहा. तपासायला म्हणून नव्वद पानं वाचली होती." तिने खोक्यातून पुस्तक काढून छातीशी धरलं. "महिना झाला, ते मांजर डोक्यातून जात नाहीये."

बाईंनी नाव लिहिलं. आई दारापर्यंत जाऊन परत आली.

"याला एखादं साधं कव्हर घालून मिळेल का? आता तीन ठिपके बघितले, तर शेजारीण राहायलाच येईल."