आधी दुसऱ्याकडं नांदू दे

दिनूदादा नवी चप्पल घेतो आणि पहिला महिना ती मेव्हण्याला घालायला देतो. मेव्हण्याचा अंगठा सोलला नाही, तर मग स्वतःच्या पायात. मेव्हणा बिचारा बहिणीकडे बघून मुकाट घालतो.

मुरबाडच्या आमच्या पाच जणांच्या ऑफिसात तो माझा सीनियर. गावोगावच्या दवाखान्यांत सर्पदंशाच्या लसीचे फ्रिज असतात, त्यांच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. फ्रिज तापला की फोन वाजला पाहिजे, एवढंच त्याचं काम. त्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचे आयते तुकडे, घ्यावे लागतात, आणि त्यांचं सारखं नवं व्हर्जन येत असतं. मी म्हणावं, "दादा, नवीन आलंय, घालूया?" की हा चष्मा कपाळावर सारून म्हणणार, "आधी दुसऱ्याकडं नांदू दे गो." मग महिनोन्‌महिने ते वापरणाऱ्यांची जगभरातली रडगाणी वाचून वहीत उतरवणार. घेतलंच, तर नेमक्या एकाच आकड्याचं व्हर्जन. 'किंवा त्यापुढचं कुठलंही' असं मी एकदा लिहिलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. खडूस मेला, असं मी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

गेल्या महिन्यात मालकांनी बजावलं, सोमवारपर्यंत सगळं नवं घाला, नाहीतर दिनूला घरी बसवतो. रविवारी नव्या व्हर्जनला त्याच्या संमतीच्या सहीचा कागद घेऊन मी टोकावड्याला त्याच्या घरी गेले.

कागद बघून तो ओटीवर बसला.

"तू यायच्या आधी मीच लिहिलं होतं. त्यापुढचं कुठलंही चालेल म्हणून. नवं आपोआप शिरलं. फ्रिजचं तापमान मिळालं नाय, की ते मागचंच चांगलं तापमान दाखवायचं. स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि फ्रिज तीन दिवस बंद. शेजारच्या सुमनला भात कापताना पान लागलं, नाग चावला. मीच जीपनं नेली. लस टोचली, पण तापून लशीत काय उरलंच नव्हतं. तिथंच गेली."

"ऑफिसात सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी मिटवलं."

"आणि तिच्या घरी?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून सुमनचा नवरा आला, टोपलीत चार काकड्या घेऊन.

"ताई ऑफिसातल्या का? आमच्या दिनूभाऊंना जपा. त्यांनी जीप काढली नसती, तर माझी बायको बांधावरच गेली असती. एवढं कोण करतं?"

दादानं खाली बघतच काकड्या घेतल्या. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. सहीचा कागद मी घडी करून पिशवीत टाकला. मालकांना मीच काय ते सांगणार होते.

नवरा गेल्यावर दादा म्हणाला, "दर रविवारी काहीतरी घेऊन येतो गो. दर रविवारी मी ठरवतो, आज सांगीन."