स्नेहभार वगळून चार किलो

माणूस जन्माला येतो तेव्हा साधारण तीन किलोचा असतो. त्यानंतर त्याने जे वाढवले, जमवले, विकत घेतले आणि माळ्यावर टाकले ते सर्व अनावश्यक आहे, असे चोपड्याच्या अल्पभार सायकल मंडळाचे ठाम मत आहे. (सदस्यांचे स्वतःचे सरासरी वजन ८४ किलो भरले. हा मुद्दा सभेत आला होता, परंतु विषयपत्रिकेवर नसल्याने घेता आला नाही.)

मंडळाचा सचिव या नात्याने चोपडा–अमळनेर–पारोळा–धुळे या दोन दिवसांच्या सहलीचा हा अहवाल मी सादर करत आहे. मंडळाच्या धोरणानुसार अहवालही हलका ठेवला आहे.

कलम १. मर्यादा

प्रत्येक सहभागीस चार किलो सामान. सर्वांत कमी सामानासह धुळ्याच्या काट्यावर पोहोचेल त्यास 'निर्भार पुरस्कार', म्हणजे अध्यक्ष अभिमन आबा यांनी देणगी दिलेली सव्वाआठ किलोची सायकल. तिला मडगार्ड, स्टँड, घंटा आणि कॅरिअर नाही. ज्या गोष्टींचा उपयोग होऊ शकतो त्या सर्व तिच्यातून काढलेल्या आहेत, आणि म्हणूनच ती महाग आहे.

कलम २. तयारी

सदस्यांनी महिनाभर त्याग केला. टूथब्रशच्या दांड्या अर्ध्यात कापल्या. उपाध्यक्ष हेमांगीताईंनी सगळ्या कपड्यांची धुलाईची लेबले उसवली (बचत : ११ ग्रॅम). आबांनी मिशी काढावी अशी सूचना आली. मिशी हे सामान नसून व्यक्तिमत्त्व आहे, असा निर्णय आबांनी दिला.

कलम ३.

(वजन कमी करण्यासाठी गाळले.)

कलम ४. स्नेहभार

खानदेशात कोणाच्या घरातून रिकाम्या हाताने बाहेर पडता येत नाही. हा कायदा नाही. कायदा मोडता येतो. सदस्य चार किलो घेऊन उंबऱ्यापाशी आले तेव्हा घरच्यांनी केळीचे वेफर्स, कळण्याच्या भाकरीचे पीठ, शेव, दोन दिवसांच्या सहलीला चार दिवस पुरेल अशी चटणी आणि 'लागली तर' म्हणून रजई दिली. प्रेमाने दिलेल्या गोष्टीला सामान म्हणणे असंस्कृतपणाचे आहे. सबब तिला 'स्नेहभार' म्हणावे आणि ती कोणत्याही सहभागीच्या नावावर धरू नये, असा ठराव एकमताने संमत झाला. (सूचक : मी.)

एकदा व्याख्या झाल्यावर स्नेहभारात इतरही वस्तू आढळू लागल्या. त्या प्रेमाने दिल्या होत्या की प्रेमाने घेतल्या होत्या, याची छाननी झाली नाही.

कलम ५. वाहतूक

गेल्या वर्षी स्नेहभारासाठी टेम्पो होता. धुळ्यात त्याचे फोटो निघाले आणि मंडळाची नाचक्की झाली. यंदाची सहल संपूर्ण इंधनमुक्त असावी असे ठरले. मग प्रश्न उरला तो एकच, आणि तो फार जड होता.

वजनकाट्याचे काम पाहणारे आमचे सायकल मिस्त्री युसूफभाई म्हणाले, "सुका आहे ना. केळीचे घड नेतो, लाकूड नेतो. तुमच्या बॅगा त्याला खेळ आहेत."

सुका सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वाडीत राहतो. पावसावर जेवढे पिकते तेवढे पिकवतो आणि उरलेले वर्ष सायकलवर ओझी वाहतो. त्याची सायकल काळी, बावीस किलोची, मागे जाड सळ्यांचे कॅरिअर. परवानगीच्या अर्जात प्रत्येक सायकलस्वाराचे नाव देणे सक्तीचे असल्याने त्याचीही सहभागी म्हणून नोंद झाली : क्रमांक १३. पिवळा टी-शर्ट मिळाला. प्रतिज्ञापत्रावर सहीही घेतली.

सही करण्याआधी तो बक्षिसाच्या सायकलीभोवती एक चक्कर मारून आला.

"आबा, हाई सायकल मले बी भेटी का?"

सगळे हसले. आबा सर्वांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "का नाही रे! नियम सर्वांना सारखे."

"तसं नही. मनी रोहिणी नववीमा जाई आते. शाळा अकरा किलोमीटर शे. सायकल नही भेटनी तं घर बसाडनी पडी तिले."

"मग जिंक की," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जो उदारपणा होता, तो हरण्याची शक्यता नसलेल्या माणसालाच परवडतो.

प्रतिज्ञापत्र (तेरा सह्या, मसुदा : हेमांगीताई)

*मी शपथेवर लिहून देतो/देते की, काट्यावर दाखवलेल्या सामानापलीकडे माझी एकही वस्तू या प्रवासात अन्य कोणाच्याही सायकलवर नाही. असल्यास मी बाद.*

(टेम्पोचा अनुभव ताजा असल्याने ताईंनी हे वाक्य आग्रहाने घातले. मसुदा वाचताना सर्वांनी माना डोलावल्या. बॅगा तेव्हा सुकाच्या सायकलला बांधून झाल्या होत्या.)

कलम ६. प्रवास

बारा सदस्य फुलपाखरांसारखे निघाले. मागे सुका.

सुकाच्या सायकलवरील स्नेहभार :
चोपडा सोडताना — ४१ किलो
अमळनेर सोडताना — ५३ किलो (आबांची सासुरवाडी)
पारोळा सोडताना — ६१ किलो ४०० ग्रॅम (हेमांगीताईंच्या मावशी, सोबत पापडांचा डबा, लोणच्याची बरणी आणि एक कुंडी)

मुक्कामाला अमळनेरात आबांनी 'कमीत जगण्याची कला' यावर पन्नास मिनिटे व्याख्यान दिले. सुका त्या वेळी मागच्या चाकाचे दोन तुटलेले आरे बदलत होता, त्यामुळे तो या विचारधनास मुकला.

पारोळ्यानंतर चढावर सुका उतरून सायकल ढकलू लागला. हेमांगीताईंनी थांबून त्याला समजावले, "सुका, इतकं घेऊन कशाला निघायचं? माणसाने हलकं असावं."

"हाव, अक्का," तो म्हणाला. त्याला दम लागला होता, म्हणून उत्तर थोडक्यात आले.

कलम ७.

(हेही गाळले. चढावर.)

कलम ८. अंतिम वजन

धुळ्यात एका मंगल कार्यालयाच्या दारात काटा लावला होता. हेमांगीताईंचे सामान २ किलो ९०० ग्रॅम भरले. टाळ्या झाल्या. आबांनी हारही उचलला. तेवढ्यात सुका आला, सायकल भिंतीला टेकवली, दोऱ्या सोडल्या आणि बारा बॅगा, डबा, बरणी, कुंडी असे सगळे काट्याच्या बाजूला ओळीने मांडले. मग हँडलची पिशवी तेवढी काट्यावर ठेवली.

एक टॉवेल. फडक्यात एक उरलेली भाकरी. पंक्चरची डबी.

"सहाशे चाळीस ग्रॅम," युसूफभाई म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिले. "सहाशे चाळीसच."

"हे काय चाललंय?" हेमांगीताई म्हणाल्या. "साठ किलो आणलंय त्याने! सगळ्यांनी पाहिलंय!"

"हाई मनं नही, अक्का."

"मग कोणाचं आहे?"

सुका त्या ओळीकडे पाहत राहिला. मग आम्हा बारा जणांकडे.

"तुम्हीच सांगा. ज्यानं शे त्यानी लई जावा."

असा साधा प्रश्न मंडळासमोर याआधी कधी आला नव्हता. जो 'माझी' म्हणेल तो प्रतिज्ञापत्रानुसार बाद, शिवाय खोटी शपथ घेणारा. बारा जणांनी बारा बॅगांकडे अशा अनोळखी नजरेने पाहिले, की बॅगांनाही वाईट वाटले असेल. हिरव्या बॅगेवर रेशमाने 'हेमांगी' असे भरलेले होते. ताई म्हणाल्या, "या नावाच्या पुष्कळ असतात."

तेवढ्यात निळ्या बॅगेत फोन वाजू लागला. आबांनी नकळत खिसा चाचपला आणि मग आकाशाकडे पाहिले. फोन थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा युसूफभाईंनी चेन उघडून उचलला.

"हॅलो... हां वहिनी, सलाम. हां, बॅग पोहोचली. बीपीच्या गोळ्या आहेत, दिसतायत इथे... आबा? आबा एकदम हलके झालेत, वहिनी. काही टेन्शन नाही."

त्यांनी फोन परत बॅगेत ठेवला. आबांनी गोळी घेतली नाही. तत्त्वासाठी माणूस काय काय सोसतो, याचे हे उदाहरण शाळांमधून सांगितले जावे.

यानंतर तातडीची सभा झाली. 'क्रमांक १३ यास बाद करावे' या ठरावाला कारण लिहायचे होते. कारण लिहिण्यासाठी सामान कोणाचे ते लिहावे लागत होते. चाळीस मिनिटांनी ठराव मागे घेण्यात आला. सायकल सुकाला मिळाली. आबांनी हार घातला. फोटोत ते हसत आहेत. मिशीमुळे नक्की सांगता येत नाही.

सुकाने सायकल एका हाताने उचलून पाहिली.

"हिले कॅरिअर नही?"

"नाही."

"मंग दप्तर कथं बांधी ती?"



कलम ९. निषेध

युसूफभाईंनी ती सायकल आपल्या दुकानात ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात कॅरिअर, स्टँड, घंटा असलेल्या दोन सायकली दिल्या. एक रोहिणीला, दुसरी तिच्या शेजारच्या सुगंधाबाईंच्या मुलीला. आता दोघीजणी एकोणीस-एकोणीस किलोच्या सायकलींवर पाच-पाच किलोची दप्तरे बांधून रोज शाळेत जातात. हे सामान मर्यादेपेक्षा प्रत्येकी एक किलोने जास्त असल्याने मंडळाने तीव्र निषेध नोंदवला आहे. हल्ली त्या आमच्या सकाळच्या फेरीला चढावर मागे टाकतात आणि घंटा वाजवतात.

जाहीर सूचना

पुढील वस्तू बेवारस म्हणून धुळ्यातील मंगल कार्यालयाच्या भांडारात जमा आहेत : रजया सात, पाच लिटरचा कुकर, केस वाळवण्याचे यंत्र, पापडांचा डबा, लोणच्याची बरणी (अर्धी, जमा करताना भरलेली होती), तुळस लावलेली कुंडी, बीपीच्या गोळ्या, 'कमीत जगण्याची कला' या व्याख्यानाच्या छापील प्रती दोनशे, कपड्यांची इस्त्री एक. (इस्त्री कोणाची आहे हे मला माहीत नाही. मात्र तिची वायर मुळाशी ढिली आहे, जरा जपून वापरावी.)

ओळख पटवून वस्तू घेऊन जाण्याची मुदत तीनदा वाढवली. कोणीही आलेले नाही.

पुढच्या सहलीला येणार नाही असे सुकाने कळवले आहे. सबब मंडळाला सशक्त कॅरिअर असलेला एक सायकलस्वार हवा आहे. अट एकच : सामान कोणाचे, हे त्याने विचारू नये. वाचकांनी नाव सुचवावे. तुमच्या ओळखीत असा माणूस असणारच. तो नसता, तर तुम्ही इतके हलके राहिलाच नसता.