बामाआत्या, टोस्ट आणि पांढरं गेट

बामाआत्याचा कुत्रा परक्या माणसाला भुंकत नाही. पोस्टमनला नाही, गॅसवाल्याला नाही. चाळीत नवे भाडेकरू आले की हा शेपटी हलवत त्यांच्या टेम्पोत चढून बसतो. तो भुंकतो फक्त बामाआत्याला. आत्या पिशवी घेऊन कोपऱ्यावर दिसली की हा दारातून उठतो आणि घरात दरोडा पडल्यासारखा बोंबलतो. आत्या दाराबाहेर थांबते, त्याचं भुंकणं पूर्ण होऊ देते आणि मग त्याला चहात बुडवलेला टोस्ट देते. म्हणून त्याचं नाव टोस्ट.

"आत्या, मालकिणीला भुंकणारा कुत्रा पहिल्यांदा बघतोय," लोक हसतात.

"मना भुंकतो ना? तुमना काय तरास?" आत्या म्हणते आणि आत जाते.

बेलवलीत आमच्या खोलीपासून तिसरी खोली तिची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. ती बदलापूरच्या बाजारात सुकी मासळी विकते. माझे वडील अंबरनाथच्या एका कंपनीत हेल्पर आहेत आणि घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. त्यामुळे चाळीला वाटतं, मला सगळं येतं. रेशनकार्डाचा फॉर्म माझ्याकडे, लाइटबिलावरचं नाव बदलायचं तर माझ्याकडे. आत्याला तर वाटतं, मला कायदाही येतो. मी एस. वाय. बी. ए.ला आहे. मला कायदा येत नाही. पण ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही आणि तिथूनच मी या भानगडीत सापडले.

सुकी मासळी जास्त खपते ती रविवारी. आत्या नेमकी रविवारी दुकान मांडत नाही. रविवार, सव्वीस जानेवारी, दसरा, कुठलीही सुट्टी असो, ती टोस्टला घेऊन फिरायला जाते. शेअर रिक्षानं वांगणीच्या बाजूला, मग रस्ता सोडून आत, बांधाबांधानं तासभर. ही तिच्या माहेरच्या वाडीची जुनी वाट. वाटेत आता फार्महाऊसची स्कीम झाली आहे. स्कीमचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. आत्या त्याला "पांढरं गेट" म्हणते.

"आत्या, मधल्या वारी जा ना. गर्दी नसते, वॉचमनसुद्धा झोपलेला असतो," मी एकदा सुचवलं.

"मंगलवारी कुनी पन जाईल गो. मालक लोक सुट्टीला येतात. तवाच अडवतात. अडवतात त्याच दिवशी गेला पायजे."

पहिल्या वेळी तिला अडवलं होतं. डोक्यावर टोपली होती. वॉचमन म्हणाला, "ओ बाई, किधर? प्रायव्हेट है." आत्या म्हणाली, "वाट काय उचलून नेते का मी?" हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी ते चाललं नाही. ती परत फिरली. तेवढ्यात आतून अर्ध्या चड्डीतल्या एक बाई पांढऱ्या कुत्र्याला घेऊन बाहेर आल्या आणि वॉचमननं त्यांना सलाम ठोकला.

तिसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन उल्हासनगरला गेली आणि कुत्र्याचा पट्टा मागितला.

"माई, कौनसी ब्रीड है?" सिंधी दुकानदारानं विचारलं.

"बेलवली," आत्या म्हणाली.

त्यानं जरा विचार केला आणि लाल पट्टा काढून दिला.

टोस्टला पट्टा मंजूर नव्हता. पहिले आठ दिवस तो गटाराच्या कडेला बसून राहायचा आणि आत्या त्याला पोत्यासारखं ओढायची. नववा दिवस उजाडला तेव्हा तो तिला ओढायला लागला. पुढच्या रविवारी आम्ही गेटवर गेलो. टोपली नाही, हातात लाल पट्टा, हनुवटी वर. आत्या वॉचमनला म्हणाली, "गुड मॉर्निंग." दुपारचे चार वाजले होते. वॉचमन गोंधळला आणि त्यानं सलाम केला.

"बघ," गेटच्या पलीकडे गेल्यावर आत्या म्हणाली, "टोपली घेतली तर चोर. कुत्रा घेतला तर म्याडम."

मला ती साक्षीदार म्हणून न्यायची. शिकलेली साक्षीदार. साक्ष कसली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मला तिथं जायला आवडायला लागलं. भात कापलेल्या शेतांत वाल उगवलेला असतो, एका बाजूला चंदेरीचा डोंगर सोबत चालत असतो, आणि पुढं एक ओढा लागतो. त्याला होळीपर्यंत पाणी असतं. टोस्ट त्यात पोटापर्यंत उतरतो आणि मग आमच्याजवळ येऊन अंग झटकतो. मी तोवर सुट्टी म्हणजे घरी झोपणं असं समजत होते.

एका रविवारी स्कीममधले एक काका भेटले. त्यांच्याबरोबर थंड देशातला, केसाळ, लांडग्याएवढा कुत्रा होता. जीभ बाहेर काढून धापा टाकत होता.

"या उन्हात त्याला स्वेटर कनाला घातलाव?" आत्यानं विचारलं.

"आत्या, ते त्याचे केस आहेत," मी हळूच म्हणाले.

काका हसले. म्हणाले, "आम्ही दर वीकेंडला येतो. पण याला फिरवायला छान जागा सापडत नाही हो. नुसते डांबरी रस्ते."

आत्यानं त्या कुत्र्याकडे पाहिलं, मग वाटेकडे पाहिलं. "चला माज्या मागून."

त्यांना ओढ्यापर्यंत नेलं. केसाळ कुत्रा पाण्यात बसला तो उठेना. पुढच्या रविवारी तीन कुत्री आली, त्याच्या पुढच्या सुट्टीला सहा. लोक फोटो काढायचे, वाटेला "ट्रेल" म्हणायचे. आत्या सगळ्यांच्या पुढं, लाल पट्टा हातात धरून. ओढ्यापाशी मात्र ती सगळ्यांना परत फिरवायची. "पुढं जाव नका. साप हायेत. मोठे मोठे."

"आत्या, ही आपली वाट. यांना कशाला दाखवता?" मी विचारलं.

"दोन पायांनी वाट रहत नाय गो. गवत खातं तिला. पाय वाढव पायजेत."

मग फेब्रुवारीत एका रविवारी गेटच्या आत, नेमके आमच्या वाटेवर, चुन्याचे पट्टे मारलेले दिसले. मॅनेजर टेप घेऊन उभा होता. "काकी, पुढच्या आठवड्यात इथे भिंत येतेय. वाट बंद."

"वाट काय उचलून नेते का मी?"

"कागद आहे का? सातबाऱ्यावर नोंद आहे का वाटेची?"

आत्याकडे कागद नव्हता. माझ्याकडे होता. तहसील कचेरीसाठी मी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेला अर्ज. विषय, वहिवाटीची वाट सुरू ठेवणेबाबत. मी तो पिशवीतून काढला आणि वाचायला लागले. "महोदय, वरील विषयास अनुसरून..." तीच ओळ मी दोनदा वाचली. मॅनेजरच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझ्या कॉलेजच्या दोन वर्षांचं काय झालं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून केसाळ कुत्र्याचे काका आले. "एक मिनिट. वाट बंद म्हणजे? आमच्या ब्रूनोला फिरवायचं कुठे?"

"सर, सिक्युरिटीसाठी..."

"कसली सिक्युरिटी? मेंटेनन्स कशाचा घेता मग?"

मग अर्ध्या चड्डीतल्या बाई आल्या. मग बाकीचे. सहा कुत्री एकदम भुंकायला लागली, मालक त्यांच्याहून जोरात. मॅनेजर सगळ्यांना "सर, मॅडम, प्लीज" म्हणत मागं मागं सरकला आणि चुन्याच्या पट्ट्यावर उभा राहिला. आत्या एका बाजूला लाल पट्टा धरून उभी होती. त्या सगळ्या गोंधळात एकटा टोस्ट गप्प होता.

भिंत झाली. पण तिच्यात दोन माणसं जातील एवढी फट ठेवली आहे, तिला छोटं गेट, कुलपाविना. अर्ज मी तरीही अंबरनाथच्या तहसील कचेरीत नेऊन दिला. उत्तर आलेलं नाही. शिक्का मारलेली प्रत आत्यानं देवाच्या फोटोशेजारी लावली आहे.

गेट बसलं त्या रविवारी मॅनेजर म्हणाला, "काकी, फार हुशार हां तुम्ही."

"गुड मॉर्निंग," आत्या म्हणाली.

त्या दिवशी ओढ्यावरून बाकीचे परत फिरले. मीही फिरत होते. आत्या म्हणाली, "तू कुठं चालली? तू चल."

"पुढे साप..."

"मीच सोडलेत ते."

ओढ्यापलीकडे वाट चढते आणि एका करवंदीच्या जाळीपाशी वळते. वळणाआधी आत्या थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले, पायांची धूळ झटकली. मग खाली वाकून टोस्टचा पट्टा काढला. "जा." टोस्ट धावत वळणापलीकडे गेला.

मी डोकावून पाहिलं. तिथं घर नव्हतं. गवतात एक दगडी जोतं होतं, दोन पायऱ्या आणि कडेला बोराचं झाड. वाडी उठून गेलेली. आत्याच्या आईमागं भावांनी जागा विकली होती. एवढा कोपरा ओढ्यापलीकडचा, म्हणून स्कीमबाहेर तसाच राहिला होता.

"आमचे घरी कुत्रा होता," आत्या म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मी सासरून आले ना, या वळनावर त्याला वास लागायचा. असा भुंकायचा! मंग आय चुलीपासून उठायची. बोलायची, बामा आली वाटतं."

टोस्ट जोत्यावर चढला होता. त्यानं वळून आत्याकडे पाहिलं आणि भुंकायला लागला. अगदी चाळीत भुंकतो तसाच.

आत्या पदर सावरून वळणावर उभी राहिली. टोस्टचा खाऊ तिच्या पिशवीत होता. तो तिनं लगेच काढला नाही. त्याला आणखी थोडा वेळ भुंकू दिलं.