साळूचा निःस्वार्थ अर्ज

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. शेंगा खायच्या तर खा, पण टरफलं खाली टाकू नका. उचलायला स्वयंसेवक मिळत नाहीत. ते का मिळत नाहीत, हेच आज सांगणार आहे.

एका जंगलात एक क्लब होता. जंगलात क्लब कशाला, असं विचारू नका. चार मोठे प्राणी एकत्र जमून लहानांचं भलं कसं करावं यावर बोलू लागले आणि मधे कुणी फराळ आणला, की क्लब आपोआप तयार होतो.

या क्लबचं नाव 'वनबंधू सेवा क्लब'. अध्यक्ष होते एक गवा. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. ते बसले की सभा सुरू होई, उठले की संपे. मधे त्यांना डुलकी लागली तर ठराव मंजूर झाला असं समजायची पद्धत होती. चिटणीस होता एक कोल्हा. दादासाहेबांच्या प्रत्येक वाक्यानंतर "वा!" म्हणणं आणि ते वहीत लिहून घेणं, हे त्याचं काम.

या जंगलात वडाखाली एक शाळा होती. ती संपली की पुढचं शिक्षण पलीकडच्या डोंगरावर. तिथे झाडपाल्याची औषधं शिकवायचे. पण मधे नदी होती आणि नदीत मगर होती. मगर शिक्षणाच्या विरोधात नव्हती. तिला फक्त विद्यार्थी आवडत. क्लबचं पत्र दाखवलं तरच ती तोंड मिटून घेई.

हे पत्र दरवर्षी एकालाच मिळे. त्याला शिष्यवृत्ती म्हणत. पळसाच्या पानावर नियम लिहून वडाला टांगले होते. सगळ्यात वर ठळक अक्षरांत होतं : 'ही शिष्यवृत्ती केवळ निःस्वार्थ सेवा करणाऱ्यासाठी आहे.' खाली बारीक अक्षरांत होतं : 'शंभर तास सेवा. ज्याची सेवा केली त्याच्या पंजाचा ठसा. सेवा करतानाचं चित्र. अर्ज वेळेत द्यावा.'

झालं! अर्जांची तारीख लागली आणि जंगलात सेवेची साथ आली.

तीन वर्षं कुणाकडे ढुंकून न बघणारी पिल्लं सकाळपासून गरजू शोधत हिंडू लागली. पण जंगल ते केवढं आणि त्यात गरजू किती! दोनच दिवसांत गरजू कमी पडले. एका लंगड्या चितळाचा पाय नेमका त्याच आठवड्यात बरा झाला, तर चार पिल्लांच्या आयांनी त्याला घेरलं. "पाय बरा झालाच कसा? मुदत संपेपर्यंत थांबवत नव्हतं का?" बिचारा चितळ पुन्हा लंगडू लागला. नाही म्हणायची सोयच नव्हती.

सगळ्यात जास्त मागणी होती आबांना. आबा म्हणजे एक म्हातारं, आंधळं अस्वल. खजिनदार मोराचा मुलगा मयूरेश त्यांच्याकडे सुतारपक्ष्याला घेऊनच आला. हा सुतारपक्षी झाडाच्या सालीवर चोच मारून हुबेहूब चित्र काढायचा.

मयूरेशनं आबांना उन्हात उभं केलं आणि त्यांच्या डोक्यावर पिसारा धरला. "आबा, जरा दीनवाणे दिसा."

"म्हणजे कसा दिसू बाबा?" आबा म्हणाले. "मला दिसत नाही."

"असेच राहा. छान आहे."

टकटक टकटक. चित्र झालं. पिसारा मिटला. मयूरेश गेला, सुतारपक्षीही गेला. आबा उन्हात हात पुढे करून उभेच.

"झाली का रे सेवा?" त्यांनी विचारलं. उत्तर कोण देणार?

तेवढ्यात साळू आली. ही साळिंदराची मुलगी. ती रोज सकाळी आबांना ओढ्यावर पाण्याला नेई. गेली तीन वर्षं, आबांचे डोळे गेल्यापासून. आता साळिंदराचा हात धरून चालायचं म्हणजे काटेच हातात घ्यायचे. म्हणून त्यांनी एक काठी केली होती. काठीचं एक टोक साळूच्या तोंडात, दुसरं आबांच्या पंजात. तोंडात काठी असल्यामुळे साळूला बोलता येत नसे. आबांना मात्र गप्प बसता येत नसे.

"हा वास आला ना, हा अडुळसा. खोकल्याला. आता डाव्या अंगाला निर्गुडी येईल बघ. सांधे धरले की तिचा शेक. आणि इथं कुणी शिंकलं का? नाही? मग नाकशिंकणी नव्हे, माकाच असेल."

अशी तीन वर्षं ऐकता ऐकता साळूला झाडपाल्याचं वेड लागलं. तिला डोंगरावर जायचं होतं. दुसरं काही नको होतं. रात्री बिळाच्या तोंडाशी बसून ती त्या डोंगराकडे बघत राही. आईला ते दिसे.

"अगं, मग अर्ज कर की," आई म्हणाली.

"कशाचा?"

"सेवेचा! आबांना नेतेस ती काय मजा म्हणून?"

"आई, ती कुठं सेवा? मी आबांकडे जाते, एवढंच. तुला पाणी आणून देते त्याचाही अर्ज करू का?"

आईनं कपाळावर हात मारला आणि स्वतःचाच काटा टोचून घेतला. मग ती तडक आबांकडे गेली. सगळं ऐकून आबा चिडले.

"सेवा नाही म्हणते? आणि मला उन्हात उभं करून गेलेला तो पिसारेवाला सेवेकरी? बाई, पान आण. मी सांगतो, तू लिही."

आबा सांगू लागले. आई लिहू लागली. 'ही मुलगी रोज येते. किती तास ते मोजले नाहीत. आली नाही असा दिवस नाही. हिला डोंगरावर पाठवा. मी ओढ्यावर माझा माझा जाईन.'

शेवटचं वाक्य खोटं होतं. एकटे गेले असते तर आबा ओढ्यावर नाही, ओढ्यात पोचले असते. पण ते त्यांनी मनापासून लिहवून घेतलं.

मग आबांनी पंजा चिखलात बुडवला आणि पानावर मारला. आंधळ्याचा नेम! पंजा बसला साळूच्या आईच्या पाठीवर. तीन काटे आत घुसले. आबा केकाटले, काटे उपटले आणि पुन्हा पंजा मारला. या वेळी पानावर. म्हणून त्या ठशात तीन भोकं होती.

साळू नको नको म्हणत होती. पण आबा म्हणाले, "माझ्यासाठी कर." तेव्हा ती अर्ज देऊन आली. परत येताना मात्र ती उड्या मारत आली, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

निवडीच्या दिवशी क्लबची सभा बसली. अर्ज आले होते चाळीस. त्यांतल्या सतरांवर आबांच्या पंजाचा ठसा होता. हिशेब केला तर आबा गेला महिनाभर रोज पन्नास वेळा पाणी प्यायले होते. एवढं पाणी खरंच प्यायले असते तर फुटले असते.

"माझ्या मयूरेशचे तीनशे तास आहेत," खजिनदार मोर म्हणाला. "एका आठवड्यात!"

"आठवड्यात तास असतात किती?" सभासद रानडुकरानं विचारलं.

"सेवेला वेळेचं बंधन नसतं," मोर म्हणाला.

"मग माझ्या पोरीचे चारशे धरा!"

झालं, जुंपली. भांडणाऱ्या प्रत्येक सभासदाचं एक तरी पिल्लू त्या चाळिसांत होतं. पिसं उडाली. कुणाचा तरी कान चावला गेला. कुणाचा ते कळलं नाही, कारण सगळेच ओरडत होते. या गडबडीत साळूचा अर्ज खाली पडला. चिटणीस कोल्ह्यानं तो उचलला आणि नाक मुरडलं. "तास नाहीत. चित्र नाही. ठशालाही भोकं."

एवढ्यात दादासाहेबांची डुलकी मोडली. त्यांनी खूर आपटला. सभा शांत झाली.

"नियमातलं पहिलं वाक्य वाचा."

"'ही शिष्यवृत्ती केवळ निःस्वार्थ सेवा करणाऱ्यासाठी आहे,'" कोल्ह्यानं वाचलं. "वा!"

"आता सांगा. ज्यानं अर्ज केला, त्याला शिष्यवृत्ती हवी आहे की नाही?"

"हवी आहे."

"ज्याला काही हवं आहे, त्याची सेवा निःस्वार्थ कशी?"

एवढी वर्षं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कोल्ह्याचा "वा!" घशातच अडकला.

"म्हणजे चाळीसच्या चाळीस अर्ज बाद," दादासाहेब म्हणाले. "आता यंदा शाळा संपवलेल्यांत अर्ज न केलेला कुणी आहे का, बघा."

कोल्ह्यानं यादी वरून खाली पाहिली. मग खालून वर पाहिली. "एकच आहे, दादासाहेब. आपले नातू. बाळराजे."

बाळराजे तीन वर्षं चिखलात लोळत होते. अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण त्यासाठी उठावं लागणार होतं.

"नात्याचा प्रश्न आला," दादासाहेब गंभीर झाले. "मी मतदानात भाग घेणार नाही." आणि त्यांनी सभेकडे पाठ फिरवली. शिंगं मात्र दोन्ही बाजूंनी दिसतच होती.

ठराव एकमतानं मंजूर झाला. कोल्ह्यानं वहीत लिहिलं : 'बाळराजे तीन वर्षं कुणाच्या वाटेत आले नाहीत. यापरती सेवा नाही. आणि त्याबद्दल त्यांनी कधी काही मागितलं नाही.'

साळू वडाखाली वाट बघत होती. कोल्हा तिचा अर्ज परत द्यायला आला. त्याला थोडं वाईटही वाटलं असावं. कोल्हे काही अगदीच दगड नसतात.

"फार थोडक्यात गेलं गं तुझं," तो म्हणाला. "तू अर्ज केला नसतास ना, तर तुझा नक्की विचार झाला असता."

साळूनं भोकं असलेला ठसा बघितला. पान घडी घालून घेतलं. घरी जाऊन ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलातून बाळराजांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, सगळं. साळू नेहमीच्या वेळी आबांकडे आली. कालपर्यंत तिथे सेवेकऱ्यांची रांग असे. आज कुणी नव्हतं. निकाल लागला होता.

आबांचा चेहरा फुलला होता. "वाजंत्री कुणासाठी गं? तुझ्यासाठी ना? मग इथं काय करतेस? जा, मगर तोंड मिटून बसली असेल!"

साळूनं सगळं सांगितलं. नियमासकट.

आबांनी ठसा मारलेला तो पंजा वर केला. "म्हणजे मीच घात केला तुझा. या पंजानं. नसता मारला तर तू गेली असतीस."

खरंच तसं झालं असतं का? मुलांनो, अजिबात नाही. बिनअर्जाचे दोघं निघाले असते, तर दादासाहेबांनी नियमातलं दुसरं वाक्य वाचायला लावलं असतं. पण हे आबांना कोण सांगणार? साळूनं काठीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. आबांना यावंच लागलं. त्या दिवशी अडुळसा आला, निर्गुडी आली, पण आबा एक अक्षर बोलले नाहीत. तिला ते फार लागलं. शिष्यवृत्ती गेली त्याहून जास्त लागलं.

ओढ्याच्या अलीकडेच कोल्हा धापा टाकत समोर आला.

"बरी सापडलीस! बाळराजांचं अंथरूण जड आहे. डोंगर चढायचा आहे. स्वयंसेवक बोलावले, तर सगळे म्हणतात आमचे तास पूर्ण झाले. तू तेवढं उचल. वरपर्यंत. निःस्वार्थ हं. यासाठी अर्ज लागत नाही."

साळूनं काठी हळूच खाली ठेवली. कोल्ह्याकडे पाठ केली. अंगावरचे सगळे काटे उभे केले. आणि ती मागे मागे धावत गेली. साळिंदरं अशीच लढतात.

कोल्ह्याच्या केकाटण्यात ढोल-ताशे बुडाले.

"काय झालं गं? कोण ओरडलं?" आबांनी विचारलं.

"चिटणीस होते, आबा. त्यांची सेवा केली."

"किती तास?"

"मोजले नाहीत."

आबा हसले. आधी जरासे, मग पोट धरून. हसता हसता म्हणाले, "थांब, आता उजव्या अंगाला टाकळा येईल. काटे टोचून सुजलं तर तो लावतात. त्याला सांगू नकोस."

बाळराजे आठ दिवसांत परत आले. डोंगरावर चिखल नव्हता. मगरीनं मात्र वर्षभरासाठी पुन्हा तोंड उघडलं, कारण पत्र एकच होतं.

क्लबच्या वार्षिक अहवालात दोन नोंदी आहेत. एक : 'आमचे विद्यार्थी बाळराजे उच्च शिक्षण घेऊन जन्मभूमीच्या सेवेसाठी परतले.' दुसरी : 'मा. चिटणीस यांनी सलग तीन आठवडे, एकदाही न बसता, उभ्यानं क्लबचं कार्य केलं.'

आता उठायची घाई करू नका. तात्पर्य अजून राहिलं आहे. तुमच्या शाळेत असल्या गोष्टीखाली 'सेवा करावी, फळाची आशा धरू नये' असं लिहून घेतात. तेही लिहा, मार्क मिळतात. पण पाठ करायचं ते हे :

तात्पर्य : फळाची आशा कधीही धरू नये, ती धरायला आजोबा समर्थ असावेत. म्हणून मुलांनो, जन्माला येताना घाई करू नका. आधी आजोबा कोणत्या क्लबात आहेत ते विचारा.