जरा वर बघा

नाना कुणालाही नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की म्हणत, "जरा वर बघा." माणूस वर बघे. नाना चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या डोळ्यांतलं पांढरं निरखत आणि मग म्हणत, "ठीक. बसा."

रोह्याच्या आमच्या पतसंस्थेत ते हेडक्लार्क होते. मी पेणहून सकाळच्या गाडीने येई. मी इंग्रजी शाळेतली, लोकांच्या चपलांकडे बघत बोलणारी. पहिल्या दिवशी त्यांच्या चपलांना म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर."

"ते नंतर. आधी डोळे."

नाना कावीळ शोधत. ती गावभर पसरायच्या आत आपल्याला कळली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी ते खिडकीशी बसत, समोरच्या रसवंतीकडे तोंड करून. शास्त्र साधं होतं. धडधाकट माणूस उसाचा रस दुकानात पितो. कावीळवाल्यासाठी तो डब्यातून घरी जातो. रसवंतीवर स्टीलचा डबा दिसला की नाना समोरच्या खातेदाराला तसाच टाकून रस्त्यावर धावत.

"ओ ताई, डबा कुणासाठी? कुठली आळी?"

"पाव्हणं आलेत, नाना!"

"पाव्हण्यांचे डोळे कसे आहेत?"

रसवंतीवाला कपाळाला हात लावी.

एकदा एकाच आळीतले डबे लागोपाठ आले. नानांनी आरोग्य केंद्राला फोन केला आणि खरोखरच तिथली नळाची लाइन गटारात फुटलेली निघाली. तेव्हापासून डॉक्टर त्यांचा फोन स्वतः घेत. नानांना बढतीपेक्षा त्याचं अप्रूप.

पुढे, निवृत्ती जवळ आल्यावर, नानांना सगळेच पिवळे दिसू लागले. शिपाई पिवळा, मॅनेजर पिवळे, मी पिवळी. "सगळं रोहं पिवळं पडलंय!" त्यांनी फोनवर सांगितलं. डॉक्टर धावत आले, सगळ्यांचं रक्त घेऊन गेले. कुणालाच काही नव्हतं.

"नाना, भिंतीचंही रक्त घ्यायचं का?" मॅनेजर म्हणाले. ऑफिस हसलं. केंद्राने नानांचा फोन घेणं बंद केलं. नाना खिडकीकडे पाठ करून बसू लागले.

मीही थकले होते. रोज तीच गाडी, नागोठण्यापर्यंत उभं राहणं, तीच व्हाउचरं. एका दुपारी त्यांतलंच एक मी नानांपुढे ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"पोरी, हा कागद पिवळा का?"

"पांढरा आहे, नाना."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नको गो. मला दिसेनासं झालं तर बघणार कोण?"

"आपणच का बघायचं, नाना?"

"आमचं मोठं घर. चारचौघांत बायकोच्या तोंडाकडे बघायची रीत नव्हती. ती वाढायची, मी तिचे हात बघायचो. बोटं पिवळी दिसायची. मला वाटलं, हळद." त्यांनी चष्मा पुसला. "डोळे बघितले तेव्हा उशीर झाला होता."

मी म्हणाले, "नाना, जरा वर बघा."

त्यांनी बघितलं. दोन्ही बुबुळांवर दुधावर येते तशी साय होती.

"मोतीबिंदू आहे. माझ्या आत्यालाही सगळं पिवळं दिसायचं. ऑपरेशनने गेला."

"आणि तोवर?"

खिडकीतून रसवंती दिसत होती. एक बाई डबा पुढे करत होती. मी उठले. रस्ता ओलांडला.

"ताई," मी तिच्या चपलांना म्हणाले. मग मान वर केली. "जरा वर बघता?"

"तू त्या नानांची कोण गो?" ती हसली, पण तिने बघितलं.

"डबा कुणासाठी?"

"धन्यासाठी. पडून हायत ते."

"आणि तुमचे डोळे कुणी बघितले?"

"माझं कोण बघतंय?" ती म्हणाली. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

नाना माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला. "केंद्राला फोन तू कर," मला म्हणाले. "तुझा घेतील."

मी फोन केला. अनोळखी माणसाशी इतकं मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. परत आले तेव्हा ती बाई रसवंतीच्या बाकावर बसून ग्लासातून रस पीत होती. नाना शेजारी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि तिचा ग्लास संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत होते.